पान पाहून लिहिले

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सूनबाईचं पत्र आलं. तू पडलास त्याला चार महिने झाले. हाड सांधलं, डॉक्टर चाला म्हणतात, आणि तू वरच्या खोलीतून खाली उतरत नाहीस. रागावत नाही, काम पाठवते. आमच्या शब्दकोशात अडथळ्यांचे आणि ते ओलांडण्याचे शब्द चालू आहेत. ‘इम्पेडिमेंट’, म्हणजे अडथळा. मूळ लॅटिन काय? चाळीस वर्षं लॅटिन शिकवणारा भाऊ असताना दुसऱ्या कुणाला विचारू? शब्दाची नोंद करायचं कार्ड सोबत आहे, भरून पाठव.

लोभ आहेच, तो उत्तरात दिसावा.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

सूनबाई चुगलखोर आहे, पण चहा वर आणून देते, म्हणून माफ. मूळ अर्थ सैन्याचं सामानसुमान. ते ओढताना फौज रखडायची, म्हणून अडथळा. कार्ड भरलं आहे.

पायऱ्या चौदा आहेत. सहावीवरून मी पडलो. हा विषय पुन्हा नको. बाकी लोभ नेहमीचाच.

दादा

१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कार्ड परत पाठवते. तळाशी ‘पान पाहून लिहिले’ असं छापलं आहे, तिथे तुझी सही नाही. आठवणीतून लिहायचं नाही, हे तूच शिकवलंस. लहानपणी मी तसं लिहिलं तेव्हा माझी वही भिरकावली होतीस. जाडा लॅटिन कोश तुझ्या खालच्या खोलीत आहे. तो वर न्यायचा नाही, असं सूनबाईला मी बजावलं आहे. हवं तर रागाव.

लोभ कमी झाला तरी चालेल, सही हवी.

धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

उशीर झाला. चौदा पायऱ्यांना अकरा दिवस लागले. पहिल्या दिवशी दोनच. सहावी बसून उतरलो. सूनबाई खाली उभी होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

माझं उत्तर चुकलं होतं. मूळ ‘पेस’, म्हणजे पाऊल. ‘इम्पेदिरे’ म्हणजे पाय अडकवणं. सामान नंतर आलं. जन्मभर मुलांना लॅटिनमधले लढायांचे धडे दिले, म्हणून मला सामानच आठवलं. उलट शब्दही सापडला, त्यासाठी बरीच पानं मागे जावं लागलं: ‘एक्सपेदिरे’, अडकलेला पाय सोडवणं. तू मागितला नव्हतास, तरी त्याचंही कार्ड केलं आहे, घे.

हाच कोश तुझ्या टेबलावरही आहे. निवृत्त झालो तेव्हा दुसरी प्रत मीच तुला दिली होती. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही हे माझ्या लक्षात होतं.

दोन्ही कार्डांवर सही केली आहे, खालच्या टेबलावर बसून. लोभ राहू दे, पुढचा शब्द पाठव.

दादा