जांबाखालचा खड्डा

बाबा,

लाखनीले दुकानावर जाऊन राहिली मी, म्हणून लिहून ठेवते. काल शांतासाठी जांबाच्या झाडाखाली तुम्ही खड्डा खणला, तो बुजवून टाका. शांता मेली नाही. टॅरंटुला मकडी कात टाकताना उताणीच पडते. डब्याच्या कोपऱ्यात दिसते ते नुसती जुनी कात आहे. शांता पाण्याच्या झाकणापाशी गुमान बसली आहे, नेहमीसारखी, पण पहिल्यापेक्षा मोठी. अंग अजून नरम आहे, म्हणून नाकतोडा टाकू नका, तोच तिले चावंन.

अन् वर्षभर "फेक ते घाण" म्हणत होते ना तुम्ही? मंग खड्ड्यात झेंडूचे फुलं कोणं अंथरले? वाया नाही गेले. हार करून तिच्या डब्याले लावले आहेत.

मेघा