कोळशाची अक्षरं

अहो,

आपल्या दाक्षायणीचा डावा डोळा सकाळपासून लालभडक झालाय, हाताला गोटीसारखा कडक लागतोय. दोनदा ओकली. थेंब घालूनही उतार नाही. काचबिंदूचा ताण चढला तर एक दिवसही थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तुमची वाट न पाहता तिला घेऊन मिरजेला निघाले. आमटी चुलीवर आहे.

बुबुळात रंगीत कडंच नसलेले हे डोळे तिला तुमच्याकडून आलेत. हल्ली दुकानात तुम्ही कापड चाचपून ओळखता, ते मला कळतं. म्हणून शाई सोडून कोळशाने एवढाली अक्षरं काढलीत. तरीही ही चिठ्ठी भावजींकडून वाचून घ्यावी लागली असेल, तर त्यांचाच हात धरून उद्याच्या गाडीने या. डॉक्टरांना मी दोघांचं सांगणार आहे.

सावित्रम्मा