चुनखडी संपायच्या आत

प्रिय शैला,

परवा तुझं वर्ष आहे. भटजी येतील, तुझा उमरठचा भाऊ येईल, पाहुणे पानावर बसतील आणि जो तो विचारील, "गौरी कुठंय?" आईच्या वर्षाला पोटची पोरगी घरात नाय म्हणजे काय! लोकांना काय सांगायचं ते मी बघून घेईन. पण तुला आधी सांगायला हवं, म्हणून लिहितोय. आज सकाळी दहाच्या गाडीनं मी तिला पुण्याला धाडली. ती जात नव्हती. जवळजवळ ढकलूनच बसवली.

तुझ्याच केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल वहीची मागची कोरी पानं घेतलीत. "नाय" लिहिलं की तू लाल शाईनं गोल करायचीस. कर आता! बारावी नापास गॅरेजवाल्याशी लग्न केलंस, तर भाषा पण त्याचीच वाचायला लागणार.

खरं सांगू? मी तुझ्यावर अजून चिडलेला आहे. एवढी शिस्तीची बाई तू, पिशवीत छत्री आहे की नाय ते दोनदा बघून महाडच्या गाडीत चढणारी, आणि कॉलेजच्या जिन्यात बसलीस ती उठलीच नाहीस. जाताना एक शब्द नाय! सव्वीस वर्षांच्या संसाराचा असा निरोप घेतात होय गो?

त्या रागातच मी तेराव्याला घाण केली. तुझ्या साड्या, चष्मा, डबा, पुस्तकं, सगळं ट्रंकेत कोंबलं आणि तुझ्या भावाला म्हटलं, "घेऊन जा. तिची एक पिनसुद्धा या घरात दिसता कामा नये." तो बिचारा म्हणाला, "दाजी, दम धरा. सहा महिने जाऊ द्या." मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तुझा फोटोसुद्धा भिंतीला लावू दिला नाय. वाटलं, दिसलं नाय म्हणजे दुखणार नाय. किती अक्कल, बघ!

गौरी तेरा दिवसांसाठी आली होती. पुण्यात चांगलं चाललं होतं तिचं, लोकांचे आखडलेले खांदेगुडघे सरळ करायचं काम. म्हणाली, "अजून चार दिवस राहते, पप्पा." त्या चार दिवसांचं वर्ष झालं.

सुरुवात कुठून झाली ते आठवतंय. आमटी ढवळून झाली की तू डाव तीनदा पातेल्याच्या काठावर आपटायचीस. टक, टक, टक. पावसाळ्यात एक दिवस मी गाडीखाली निजून नट आवळत होतो आणि मागं घरातून तो आवाज आला. पाना तसाच टाकला. आत जाऊन बघतो तर गौरी. मी हसलो. म्हटलं, आईचीच पोर ती, एवढं तेवढं येणारच.

मग आमटीची चव आली. मग पेपर वाचताना मध्येच थांबून "ऐकताय ना?" म्हणणं आलं. मग दिवाळीच्या सुमाराला ती डाव्या हातानं वाढायला लागली. शैला, डावखुरी तू होतीस. गौरी नाय.

मी घाबरायला पाहिजे होतं ना? नाय घाबरलो. मला बरं वाटायचं! तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? मीच मागत गेलो. "आई करायची तशी भाकरी कर." "आई ओरडायची तसं ओरड ना जरा." जेवढं मिळालं तेवढं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी मागितलं.

आणि काय काय जात होतं, तिकडं लक्षच नाय दिलं. गौरी शीळ घालायची, आठवतं? तू किती बोलायचीस तिला, पोरीच्या जातीनं काय शिट्ट्या मारायच्या म्हणून. शीळ बंद झाली. सुकट बघून नाचणारी पोरगी, तिनं सुकट सोडली, कारण तू खात नव्हतीस. पुण्याच्या मैत्रिणीचा फोन आला तर म्हणाली, "राँग नंबर." मी जेवत होतो. मान वर करून विचारलं पण नाय.

पहिल्यांदा बोलल्या त्या तुझ्या शबानाबाई. तुमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात त्याच, आणखी कुठल्या? मागच्या महिन्यात महाडहून मुद्दाम आल्या, पोरीला भेटायला. गौरीनं दार उघडलं आणि म्हणाली, "शब्बो, आज पण डबा विसरलीस ना?" बाई दारातच थिजल्या. त्यांना शब्बो म्हणणारी जगात तू एकटी, आणि तेही स्टाफरूमचं दार लावून. चहा तसाच ठेवून उठल्या. मला गॅरेजच्या बाजूला घेऊन म्हणाल्या, "दत्ताभाऊ, अल्लाची शपथ घालते, पोरीला इथून काढा. ती पोर संपत चाललीय, तुम्हाला दिसत नाय का?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय बाई! लेक आईवर गेली, त्यात काय?" पण शब्द माझे मलाच पटले नाहीत.

त्याच दिवशी दुपारी तुझी ती नळी काढली. दोन्ही तोंडं वितळवून बंद केलेली काचेची नळी, आत तपकिरी वायू. गॅरेजच्या फळीवर माझ्या पान्यांमागं होती, म्हणून तेराव्याच्या तावडीतून सुटली. लग्नानंतर तू ती पहिल्यांदा दाखवलीस तेव्हा मला ती जादूच वाटली होती. गरम पाण्यात धरली की रंग दाट, बर्फात धरली की जवळजवळ पांढरी. "आत दोन वायू आहेत," तू म्हणालीस. "याचा तो होतो, त्याचा हा होतो, एकसारखं चालू असतं. बाहेरून सगळं शांत दिसतं म्हणून थांबलंय असं समजू नका." मी हातात धरली की माझ्या हाताच्या उबेनं रंग चढायचा आणि तू म्हणायचीस, "तुमचं डोकं गरम, हात पण गरम!"

आता मार्चातला उन्हाळा तुला माहीत आहे, पत्र्याखाली भट्टी नुसती. नळी चहासारखी तपकिरी झाली होती. म्हटलं गौरीला दाखवू, लहानपणी तिला आवडायची. तिनं डाव्या मुठीत धरली आणि माझ्या डोळ्यांसमोर रंग उतरत गेला. उतरत उतरत पार पांढरी! मी तिचा हात धरला. बर्फातून काढल्यासारखा. ती हसून म्हणाली, "बघितलंत? थंडीत असंच होतं." इतकी वर्षं वर्गात जसं सांगितलंस ना, अगदी तसं.

तरीही मी आठवडे घालवले. म्हटलं, वर्ष होऊन जाऊ दे, मग बघू. खरं कारण तुला कळलंच असेल. मला ती हवी होती. म्हणजे तू हवी होतीस.

आणि मग काल.

दुपारी तीनचा सुमार. एका ट्रकच्या खालून बाहेर आलो. कशेडी घाट चढताना क्लच जाळून बसलेला गाडा, सकाळपासून त्याच्याशी झटत होतो. हात ग्रीसनं बरबटलेले, घशाला कोरड. आणि काय झालं कळलं नाय, तोंडातून गेलं, "शैला, पाणी आण गो!"

आतून आवाज आला, "आले हो!"

मला काही वेगळं वाटलंच नाय, हेच भयंकर आहे. पाणी आलं. डाव्या हातात तांब्या, उजव्या हातात गुळाचा खडा. मी अर्धा तांब्या प्यालो, गूळ तोंडात टाकला, आणि तेव्हा भानावर आलो. समोर आपली लेक उभी, अंगात तिचा नेहमीचा कुर्ता, आणि हात खांद्यावरून पदर सारखा करतोय. कुर्त्याला पदर कुठला?

मी तिच्या तोंडाकडं बघून विचारलं, "गौरी कुठंय?"

"येईल की," ती म्हणाली. किती शांतपणे म्हणाली, शैला! "तिला आता वेळ लागतो."

मी तांब्या ठेवून ट्रकच्या चाकाला टेकून बसलो. आणि ऐक, हे सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं नाय व्हायचं. एक क्षण, एकच क्षण, माझ्या मनात आलं की राहू दे. असंच राहू दे. शैला घरात आहे, आणखी काय पाहिजे? बाप आहे मी तिचा, आणि हे माझ्या मनात आलं.

मग मला आपलं एक जुनं बोलणं आठवलं. जेवताना तू चुनखडीचं सांगत होतीस. बंद भांड्यात तापवली तर थोडी फुटते, चुना होतो, गॅस सुटतो, आणि मग दोन्ही बाजूंचं जमून जातं, चुनखडी उरते. पण झाकण उघडं ठेवलं आणि गॅस निघून जात राहिला तर ती फुटतच राहते. जे काढून घ्याल तेच आणखी बनवते. मी विचारलं होतं, "मग थांबते कधी?"

तू भाताचा घास हातात धरून म्हणालीस, "चुनखडी संपल्यावर."

आलं ना ध्यानात? आपल्या घरातून तुला काढलं देवानं, आणि उरलीसुरली मी काढली, पिनेपर्यंत. मग घर तुलाच बनवायला लागलं. आणि जेवढी बनलीस तेवढी मी रोज खाऊन टाकली, आमटीतून, आवाजातून. पण बनवायचं कशातून? घरात दुसरं होतंच काय? आपली एक पोरगी.

तसाच उठलो, स्कूटर काढली आणि उमरठला गेलो. तुझ्या भावानं ट्रंक अजून उघडलीच नव्हती. "मला ठाऊक होतं दाजी, तुम्ही येणार," एवढंच म्हणाला. मी त्याच्या पाया पडलो असतो, पण तो लहान पडला ना.

दिवस मावळायच्या आत तुला घरभर मांडली. साड्या दांडीवर, चष्मा खिडकीत, पुस्तकं फळीवर, फोटो भिंतीला. भांड्यात आधीच भरपूर असेल तर घर नवीन कशाला बनवेल, हाच माझा अडाणी हिशोब. चुकला असेल तर कर गोल लाल शाईनं.

गौरी ती जांभळी साडी हातात घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "ही आईची ना, पप्पा?" आईची म्हणाली! आणि जमिनीवर बसून अशी भोकाड पसरून रडली की शेजारीण धावत आली. वर्षभरात ती एकदा पण रडली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

मला वाटलं, सुटलो. पण सकाळी चहा आला तो डाव्या हातानं. तेव्हा ठरवलं, नुसत्या साड्यांनी भागणार नाय. घेणारा मी इथं बसलोय तोवर तिची सुटका नाय. तिच्या पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला, बॅग भरली, पोरीला स्टँडवर नेली.

तिथं काय झालं ते पण ऐक. गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून माझ्याकडं बघितलं आणि तुझ्या आवाजात, हुबेहूब तुझ्या आवाजात म्हणाली, "अहो, माझ्याच वर्षाच्या तोंडावर मला घरातून काढता?"

मागच्या वेळी तुला निरोप द्यायला मिळाला नाय, आणि या वेळी दिला तो असा! मी म्हटलं, "हो. काढतो." आणि कंडक्टरला ओरडलो, "चला मास्तर, बेल मारा!"

गाडी आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागली. मी तिथंच बाकावर बसून राहिलो. दोन तासांनी फोन वाजला.

"पप्पा! ही गाडी कुठली? मी कधी बसले हिच्यात? आणि इथं एवढी थंड हवा कशी काय?"

"महाबळेश्वर आलं असेल. पुण्याला चाललीस तू, तुझ्या कामावर."

मग हळूच म्हणाली, "आईचं वर्ष झालं का?"

"परवा आहे."

"मग मला आधीच का पाठवलीस, म्हाताऱ्या? डोकं फिरलंय का तुझं?" आणि रडायला लागली, शिव्या देत देत. म्हातारा म्हणाली! अरेतुरे केलं, पूर्वी करायची तसं! मी स्टँडवर हसत होतो आणि डोळे गळत होते.

आता एक विचारू? खरंच तू आली होतीस का? का मीच एवढा ओढून ओढून तुझ्यासारखं काहीतरी उभं केलं? तूच म्हणायचीस, त्या वायूंना हट्ट नसतो, राग नसतो, त्यांना काही कळत पण नसतं. मग तुझा दोष नाय आणि पोरीचा तर नायच. हात घालून काढून घेत होतो तो मी.

मी काही फार शहाणा झालेलो नाय. तुझ्यावाचून घर खायला उठतं, ते उठणारच. आमटी मी करीन, कशी का होईना. साड्यांना उन्हं दाखवीन. गौरी आली तर पाहुणी म्हणून येईल, आणि ती जी आहे तीच येईल. तिच्याकडं तुझ्यातलं काही मागणार नाय. आणि हे वचन देतो, पुन्हा या घरात तुझ्या नावानं हाक मारणार नाय.

चुकून मारलीच, शैला, तर तू ओ देऊ नकोस.

तुझा,
दत्ता