डावीकडचा तिसरा बाक

ओसाका
२८ मार्च १९९४

चि. ताझुएस,
ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र खाली बसून वाच, म्हणजे पडायची नाहीस.

आम्ही कामेउराला येतोय. खरं म्हणजे मी येत नाहीये, मला आणलं जातंय. आमच्या गल्लीतल्या दुकानदारांची सहल दर वसंतात गरम पाण्याच्या कुंडांना जाते. यंदा यांनी सभेत उभं राहून आपल्या गोतो बेटांची टूम काढली. जुनं चर्च, ताजे मासे असं काय काय रंगवून सांगितलं आणि टाळ्या घेऊन घरी आले. मला विचारायचं तेवढं राहिलं. मी चिडले तर म्हणतात कसे, ज्या चर्चपायी मला सासुरवाडी मिळाली नाही, ते एकदा डोळ्यांनी बघू तरी दे. जन्मभर सकाळी उठून बुद्धापुढे भात ठेवणारा माणूस, आणि याला चर्चची हौस!

ताझुए, मला भीती आहे ती दादाची. घर सोडून एकोणचाळीस वर्षं झाली. आपल्या धर्माबाहेर लग्न केलं म्हणून बाबा रागावले, ते मी समजू शकते. पण बाबा गेले तेव्हा दादाची एकच ओळ आली, की येऊ नकोस, बाबांची तशीच इच्छा होती. ती चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे. फाडायला म्हणून काढते आणि घडी घालून परत ठेवते.

सोळा एप्रिलला सकाळी साडेदहाला आमची बस चर्चपाशी येईल. तेवढा वेळ दादाला कुठेतरी धाड. मी मोठी टोपी घालीन. तूही तिकडे फिरकू नकोस. आपल्या दोघींची तोंडं एका साच्यातली, गाव लगेच ओळखेल. चारच्या बोटीआधी बंदरावर भेट.

गुडघे जप. माया आहे तशी राहू दे.
तुझी,
फुमिनोताई


कामेउरा
५ एप्रिल

ती. फुमिनोताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि. बसूनच वाचलं. तरी हातातला मुळा पडलाच.

दादाला धाड म्हणतेस, पण कुठे? होडी त्यानं केव्हाच विकली. आता चर्चच्या दारात खुर्ची टाकून बसतो. येणाऱ्या पाहुण्यांना चर्च दाखवायचं काम फादरांनी त्याच्यावर सोपवलंय. हा दाखवतो कमी, ओरडतो जास्त. बूट सरळ लावा, फोटो काढू नका, टोप्या काढा. परवा नागासाकीच्या एका प्राध्यापकाला त्यानं बूट तीनदा लावायला लावले. फादर म्हणतात, इसोजीसान असताना चर्चला कुलपाची गरज नाही.

पण घोर करू नकोस. त्याची एक दाढ महिनाभर ठणकतेय. फुकुए शहरातल्या दातांच्या डॉक्टरकडे मी मुद्दाम सोळा तारखेची वेळ घेतली आहे. सकाळी सातच्या बोटीत त्याला मी स्वतः चढवीन.

एक सांगू? तुझी पत्रं पोस्टमन त्याच्याच हातात देतो. तो अवाक्षर न बोलता ती तांदळाच्या डब्यावर ठेवतो, आणि मी वाचत असले की उगाच समोर नखं कापत बसतो. तुझ्या पत्राला उशीर झाला की पोस्टमनवर खेकसतो. याला राग म्हणायचं की आणखी काही, तू मोठी आहेस, तूच ठरव.

भाऊजींसाठी रताळ्याच्या मोचीच्या गोड वड्या करून ठेवते. त्यांना सांगू नकोस, आत्तापासून मागत बसतील.
तुझ्या मायेची सवय झालेली,
ताझुए


ओसाका
२० एप्रिल

चि. ताझुएस,
अनेक आशीर्वाद. मोची बोटीवरच संपली. हे म्हणाले, अशी मेहुणी चाळीस वर्षं लपवून ठेवलीस, हा गुन्हा आहे.

बंदरावर वीस मिनिटं मिळाली, तर आपण दोघी नुसत्या एकमेकींच्या सुरकुत्या बघून हसत-रडत राहिलो. घडलं ते सांगायचं राहूनच गेलं. तू दादाला बोटीत चढवलंस ना गं? मग तो दारात कसा?

मी बसमधून उतरले, तर समोर तो! एक गाल सुजलेला, आवाज तोच. म्हणाला, सगळ्यांनी टोप्या काढा. झाली माझी टोपी! मी आमच्या जाडजूड तोफूवालीच्या आड लपून आत शिरले. आतला वास तसाच आहे, मेणाचा आणि ओल्या लाकडाचा. पाय आपोआप डावीकडे वळले आणि मी तिसऱ्या बाकावर आईच्या जागी जाऊन बसले.

दादा माहिती सांगू लागला, की हे दगड गावच्या बायकांनी किनाऱ्यावरून पाठीवर वाहून आणले. तेवढ्यात हे मोठ्यानं म्हणाले, की हो तर, आमच्या हिची आजीच होती त्यात, नामी नाव तिचं! मी यांना चिमटा काढला, तर हे विचारतात, चिमटा का काढतेस?

दादानं यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग चर्च बांधल्याचं साल सांगितलं. तेच साल परत सांगितलं, आणि तिसऱ्यांदा चुकीचं सांगितलं. निघताना यांना एवढंच म्हणाला, की तुम्ही सपाता उलट्या घातल्यात. माझ्याशी एक शब्द नाही, ताझुए. चाळीस जणांवर ओरडला, मला एक शब्द नाही. बसमध्ये हे माझा हात धरून बसले.

असो. बघायचं होतं ते बघून झालं. तू आहेस, तेवढं मला खूप आहे.
तुझी,
ताई


कामेउरा
२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. घाईत लिहितेय. तुझं पत्र मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं. दादाची नखं कापून संपली, तरी तो कापतच होता. मग म्हणाला, कागद दे. गेले तीन दिवस लिहितोय. भात गार होतोय, कागद चुलीत जातायत. मी डोकावले की हातानं झाकतो. दाढ त्यानं काल गुपचूप जाऊन काढून घेतली. जे काय येईल ते वाच, आणि हे सगळं मी कळवलं असं म्हणू नकोस.
तुझीच,
ताझुए


कामेउरा
३० एप्रिल

चि. फुमिनोस,
आशीर्वाद. मला पत्र लिहिता येत नाही, चुकलं तर सोडून दे.

परवानगीसाठी चर्चला पाठवलेली तुमच्या सहलीच्या नावांची यादी मार्चमध्येच माझ्या हातात आली होती. गेंझो, त्याखाली फुमिनो. ताझुएला वाटलं तिनं मला बोटीत चढवलं. तिची पाठ वळताच मी उतरलो.

बाबांची तशी इच्छा नव्हती. शेवटच्या आठवड्यात ते तुझंच नाव घेत होते. फुमिनोला बोलाव म्हणाले. मी बोलावलं नाही. गाव काय म्हणेल याची मला लाज वाटत होती, आणि ती मी बाबांच्या नावावर खपवली. फादरांपुढे कबुली देऊन झाली. त्यांनी क्षमा केली. पण तुझ्या वाटची क्षमा त्यांच्या हातात नव्हती. ती तू करावीस असं मी म्हणत नाही. तुला खरं कळावं, एवढंच.

नाताळला या. दोघंही या. गेंझोराव फार बोलतात, पण त्यांनी आजीचं नाव बरोबर सांगितलं. आता आपल्या गावातही ते फारसं कुणाला आठवत नाही.

आणखी एक. तू घर सोडल्यापासून डावीकडच्या तिसऱ्या बाकावर मी बाहेरच्या कुणालाही बसू देत नाही. बिशपांच्या पाहुण्यालासुद्धा उठवलंय. फादर वैतागतात, पाहुणे मला खडूस म्हणतात. त्या दिवशी तू सरळ जाऊन बसलीस आणि मी तुला उठवलं नाही. एक शब्दही बोललो नाही असं तू लिहिलंयस. मला तेवढंच बोलता आलं.

मागच्या सगळ्या वर्षांचे आशीर्वाद एकदम पाठवतोय.
तुझा दादा,
इसोजी