व्हरांड्यात गोठलेली बॅटरी

ओरेस्ट,

केमोनंतर पहिल्यांदाच घोरत होतास, म्हणून उठवलं नाही. मी चर्चमध्ये पेरोगीच्या उकडलेल्या करंज्या करायला चाललेय.

तुझं औषधाच्या गांजाचं वाफेचं मशीन दुरुस्त झालंय. मागचे स्क्रू काढले तर आतली बॅटरी टम्म फुगलेली! अरे म्हाताऱ्या, इंजिन गोठू नये म्हणून ट्रकच्या हीटरची वायर रोज व्हरांड्यातल्या प्लगला लावतोस ते ठीक. पण त्याच्या शेजारी हेही चार्जिंगला? इंजिन गरम होतं म्हणून बॅटरीही होईल, असं वाटलं का? गोठलेली बॅटरी चार्ज केली की मरते. नवी घातलीय. जुनी बाहेर पायरीवर, वाळूच्या डब्यात आहे. ती शेगडीत टाकू नकोस, कचऱ्यातही नको. मी जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या डेपोत देऊन येईन.

चार्जर आता स्वयंपाकघरात आहे. आधी दोन झुरके घे आणि भूक लागली की बीटचं सूप, बोर्श्ट, गरम कर. काल तुझी भरलेली वाटी कुत्र्याने चाटली, ते मी पाहिलंय.

आणि या थंडीत झुरक्यासाठी बाहेर जायचं नाही. खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत बस. माझ्या पडद्यांना वास लागेल म्हणतोस ना? लागू दे. पडदे धुता येतात.

स्टेफा