कोबेला फोन लागत नाही

१८ डिसें. ९४, रवि. सातारा
यासुकोबाईंचं पत्र. एप्रिलमध्ये पुण्याच्या मॅडम आम्हा शिक्षिकांना जपानच्या दौऱ्यावर नेणार, तेव्हा तीन आठवडे कोबेला मी ज्यांच्या घरी राहणार, त्या. साठीच्या आहेत, एकट्याच. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं जमतं. माझ्यासाठी घरात घालायच्या सपाता शिवणार, पायाचं माप पाठव म्हणतात. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवली. हे हसले, "सून बघायला निघाल्यात जणू."

२ जाने. ९५, सोम.
विणायच्या दोन सुया जपानी काड्यांसारख्या धरून पोहे खायचा सराव. निम्मे ताटाबाहेर. जपानी शिकायची कॅसेट चालूच. जेवणाआधी काय म्हणायचं, जेवल्यावर काय, घरात पाऊल टाकताना काय. शाळेत मुलींना काजं करायला शिकवतानाही तोंडात तेच. रजा मंजूर!!

१४ जाने., शनि. कडेगाव
सुट्टी म्हणून आई-दादांकडे. आईनं यासुकोबाईंसाठी वाकळ शिवलीय, जुन्या मऊ लुगड्यांची. "तिकडं थंडी लय असंल. एकट्या बाईला पांघराय हुईल." दादा विहारात सगळ्यांना सांगून आलेत, पोरगी बुद्धाच्या देशाला चाललीया. बुद्ध तिकडचे नव्हेत म्हटलं तर म्हणाले, "असूं दे. तिकडं त्यास्नी मानत्यात न्हवं?"

१७ जाने., मंगळ. सातारा
संध्याकाळी बातम्यांत कोबे. आज पहाटे भूकंप. उंचावरचा आख्खा रस्ता आडवा झालेला. आगी. मी कुकर लावला होता, शिट्ट्या होत राहिल्या, शेवटी ह्यांनी गॅस बंद केला.
"अगं, केवढं मोठं शहर आहे. सगळंच थोडं पडलं असेल?"
तशीच चपला घालून फोनच्या बूथवर. लाईन नाही.

१८ जाने., बुध.
शाळा सुटल्यावर पुन्हा बूथ. शिंदे (बूथवाले) बोट दुखेपर्यंत बटणं दाबत होते. नाही. तार केली. तारेच्या खिडकीतला माणूस म्हणाला, पोचेलच असं सांगता येत नाही.
स्टाफरूममध्ये सगळ्या, "नशीब तुझं! एप्रिलमध्ये झाला असता म्हणजे?" एकीनं पेढे मागितले. उठून रिकाम्या वर्गात जाऊन बसले.

२० जाने., शुक्र.
झोप नाही. कोयनेच्या भूकंपाच्या वेळी मी सात वर्षांची. अंधारात आईनं दंड धरून ओढलं होतं, वळ उठले होते. यासुकोबाईंना ओढणारं कोण?
सगळी पत्रं पुन्हा वाचली. घराला वरचा मजला आहे का, त्या कुठं झोपतात, बाहेर पडायला दार किती लांब. कुठंच नाही. फुलं, मुळ्याचं लोणचं, शेजारचं मांजर. आठ महिने पत्रं लिहिली आणि हे मी विचारलं नाही. कोण विचारतं म्हणा.

२४ जाने., मंगळ.
शेजाऱ्यांकडे पुण्याच्या मॅडमचा फोन आला. दौरा होणार. माझी सोय दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरी. "कुटुंब फार छान आहे हो, दोन गोड मुलं."
"यासुकोबाईंचं काही?"
"चौकशी केलीय. तिकडच्यांनाच अजून नीट पत्ता लागत नाही. तुम्ही मला लवकर हो-नाही कळवा."
दुसरं घर. खानावळ बदलल्यासारखं.

२९ जाने., रवि. कडेगाव
दारातच आई, "त्या बाईचं काय कळलं?"
"नाही."
दादा म्हणाले, "जाऊ नगंस. जमीन हालतीया तिथं."
आई त्यांच्यावरच उखडली, "हितं हालत न्हाई व्हय? कोयनेच्या टायमाला महिनाभर अंगणात झोपलाव, इसरला?" मग मला, हळू, "तुला काय वाटतंय?"
मला काय वाटतंय ते

२ फेब्रु., गुरु. सातारा
लागला. फोन लागला.
रोजच्यासारखी गेले होते, आशा नव्हती. घंटी वाजली आणि कुणी तरी उचलला. पुरुषाचा आवाज. मी "यासुको-सान?" एवढंच. तो बोलायला लागला. भरभर, खूप. मध्ये एकदा यासुको ऐकू आलं. कॅसेटमधलं एकही वाक्य उपयोगाचं नाही. मी मराठीतच सुरू झाले, "अहो, बऱ्या आहेत का त्या? एवढंच सांगा. आहेत ना?" तो थांबला. मग सावकाश, एक एक शब्द सुटा करून बोलला, लहान मुलाला सांगावं तसा. मी "हां, हां" करत राहिले. मग लाईन गेली.
शिंदे बाहेर ताटकळत उभे. "काय म्हणाले, बाई?"
काय सांगू?

३ फेब्रु., शुक्र.
मॅडमना कळवलं. त्यांच्या ओळखीचे जपानी शिकवणारे एक सर आहेत पुण्यात. त्यांनी दुपारभर तोच नंबर लावला. लागत नाही.
हे म्हणाले, "रडत होता का तो? आवाजावरून कळतं."
"जपानी माणूस रडताना कसा बोलतो, मला काय ठाऊक?" ओरडलेच त्यांच्यावर. मग मीच रडले.

६ फेब्रु., सोम.
सरांना अजूनही लाईन मिळालेली नाही. तारेचं उत्तर नाही. मॅडमना हो कळवलं. त्यांना बरं वाटलं. मग मी विचारलं, त्या नव्या घरापासून कोबे किती लांब.
"जवळ नाही हो. आणि त्या भागात आपण कुणाला नेणार नाही, आधीच सांगते."
"बरं," म्हटलं.
ह्यांना मात्र खरं सांगितलं. एक दिवस मी न सांगता कोबेची गाडी पकडणार. पाकिटावरचा पत्ता लोकांना दाखवत जाईन.
ह्यांनी पाकीट हातात घेऊन पत्ता वाचला. मग म्हणाले, "आणि त्या नसल्या तर?"
तव्यावरची चपाती करपली. ती बाजूला काढली आणि दुसरी लाटायला घेतली.