हार्गेलिंक घराण्यातली थोर माणसं

९ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोज लिहायचं. थोर माणसं रोजनिशी लिहितात, आणि जूनमध्ये मी एका थोर माणसाचा आजोबा होणार आहे. फेन्नाला बाळ होणार! एकुलती एक मुलगी. तिच्यानंतर आमच्या शाखेत हार्गेलिंक नाव लावणारं कोणी नाही. बाळाला आईचं आडनाव लागलं तर घराणं पुढे चाललं, बापाचं लागलं तर माझ्यापाशी संपलं.

बाप म्हणजे योस्त यान्सेन. सहा वर्षं दोघं एकत्र राहतात. मुलगा सरळ आहे, पण यान्सेन! आमच्या एका रस्त्यावर यान्सेनांची चार घरं आहेत, पोस्टमन वैतागतो.

माझा बेत तयार आहे. जगातले सगळे प्रसिद्ध हार्गेलिंक शोधायचे आणि शांतपणे योस्तपुढे ठेवायचे. दबाव अजिबात टाकायचा नाही. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, कोणावर दबाव टाकल्याचं आठवत नाही.

९ फेब्रुवारी, दुपारी

फेन्नाला फोन केला. ती हसली. म्हणाली, बाबा, अजून पाळणा आलेला नाही आणि तू नावाची पाटी घेऊन दारात उभा. आमचं आम्ही बघू.

म्हणजे नाही म्हणाली नाही.

१४ फेब्रुवारी

यादी झकास जमली आहे.

निकोलास हार्गेलिंक, सतराव्या शतकातला दर्यासारंग. आल्बर्टा हार्गेलिंक, चित्रकार (गाई). डॉक्टर लाम्बर्ट हार्गेलिंक, एका शेवाळाला यांचं नाव आहे. एक मंत्रीही आहेत, अकरा दिवस होते. सरकार त्यांच्यामुळे पडलं नाही. हयात मंडळींत सोन्या हार्गेलिंक, टीव्हीवर हवामान सांगते. टोन हार्गेलिंक, बर्फावरच्या शर्यतीत एकदा देशात चौथा.

मिनला वाचून दाखवलं. बायकोने विचारलं, यातलं तुझं कोण? मी म्हटलं, सगळे. ती म्हणाली, मग वाढदिवसाला एकाचाही फोन कसा येत नाही?

२० फेब्रुवारी

निकोलासबद्दल म्युझियमला लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं. निकोलास दर्यासारंग नव्हता, जहाजावर आचारी होता.

उपाशी पोटी कुठलं आरमार लढतं? यादीत सुधारणा केली: आरमारी मोहिमेतली महत्त्वाची व्यक्ती.

२ मार्च, रविवार

फेन्ना आणि योस्त कॉफीला आले. मी फक्त यादी वाचली. आवाज चढला असेल तर तो शेवाळापाशी थोडासा. योस्त म्हणाला, माझे आजोबा घरोघर दूध घालायचे, पंचक्रोशीतलं कुत्रंसुद्धा त्यांना ओळखायचं. ही काय तुलना झाली? मी तसं म्हटलं. मग योस्त कपाकडे बघत बसला.

फेन्ना म्हणाली, डॉक्टरांनी माझं प्रेशर जास्त आहे म्हणून सांगितलंय, डोक्याला ताप नको आहे. मी म्हटलं, ताप कोण देतंय? त्यावर तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

पहिल्या कपाबरोबर मिनने एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. दुसऱ्या कपासाठी मंडळी थांबलीच नाहीत. आमच्या घरातून दुसरी कॉफी न घेता आजवर कोणी गेलेलं नाही. योस्तला काही काम असेल.

५ मार्च

चूक सापडली! नुसत्या यादीने माणूस हलत नाही. योस्तने थोर हार्गेलिंक प्रत्यक्ष बघायला हवेत, त्यांच्याशी हात मिळवायला हवेत. पण त्यांना बोलवायचं कोणत्या निमित्ताने?

लग्न! दोघांचं लग्न लावायचं. आधी का सुचलं नाही?

१२ मार्च

फेन्ना म्हणते, सहा वर्षं लग्नावाचून काही अडलं नाही, आता सातव्या महिन्यात पोट घेऊन कुठे मिरवू? योस्त म्हणतो, एग्बर्ट, तुम्हाला नक्की काय हवंय? मी म्हटलं, तुमचं सुख. मिन शेजारच्या खोलीत खोकली.

रोज एकदाच फोन करायचा असं ठरवलं आहे. आज तीन झाले, पण एक चुकून लागला होता.

१८ मार्च

जिंकलो! फेन्नाने विचारलं, बाबा, लग्न केलं तर या नावाच्या विषयावर गप्प बसशील? कायमचा? मी शब्द दिला. ती म्हणाली, लेखी दे. दिलं.

अर्थात गप्प बसायचं कबूल केलं आहे. थोर पाहुणे बोलले तर मी काय करणार?

२९ मार्च

लग्न सोमवारी सकाळी नऊला, नगरपालिकेत. त्या वेळेला फुकट लागतं म्हणून. दहा मिनिटांत उरकतात. मी हॉल, बँड, घोडागाडी सुचवली होती. फेन्ना म्हणाली, बाबा, नऊला येणार असशील तर ये.

सहाही ठिकाणी निमंत्रणं गेली. जे हयात नाहीत त्यांच्या वारसांना.

१२ एप्रिल

शेजारी रिवाजाप्रमाणे दाराला कमान बांधायला आले. पाइनच्या फांद्या, कागदी गुलाब, आणि गुलाबांपेक्षा जास्त बाटल्या. पलीकडची हेंद्रिका, ऐंशीच्या पुढची, गुलाब वळता वळता म्हणाली, काय रे एग्बर्ट, लग्न पोरांचं आणि नवरदेवासारखा नाचतोयस तू.

सोन्या हार्गेलिंकचं उत्तर आलं. ते तिच्या नवऱ्याचं आडनाव, आणि नवरा सोडून चार वर्षं झाली. टीव्हीवर लोकांना सवय झाली म्हणून नाव ठेवलंय, मला त्या घराण्याचं तोंड बघायचं नाही, असं तिने लिहिलं आहे.

हवामानवाल्यांचा अंदाज चुकतोच. यादीतून काढली नाही.

१४ एप्रिल, सोमवार

झालं लग्न. सविस्तर लिहितो, इतिहासाला उपयोगी पडेल.

थोर मंडळींपैकी टोन हार्गेलिंक एकटा आला. स्केटिंगचा चौथा. आता पोट सुटलंय आणि सायकलींचं दुकान आहे. मी त्याला योस्तपुढे उभं केलं आणि म्हटलं, हा आमचा टोन, एकाच रक्ताचा. टोनने केक तोंडात असतानाच सांगितलं, छे हो, कसलं रक्त? आमचा पूर्वज लाकडी बूट कोरणारा, गावोगाव फिरणारा. हार्गेलिंक नावाचं शेत रिकामं पडलं होतं तिथे राहायला गेला. पूर्वी जो ज्या शेतावर राहील त्याला शेताचं नाव पडायचं. छपराचं नाव ते. आणि हार्गेलिंक नावाची शेतं तीन होती, एकमेकांपासून दिवसाच्या वाटेवर. तुमचं कुठलं?

योस्त मोठ्याने हसला. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मला उत्तर देणं भागच होतं. चार शब्द बोललो. पूर्वज, परंपरा, येणारं बाळ. शब्द मोडला असं मी म्हणणार नाही, कारण सुरुवात टोनने केली. पण बोलता बोलता पाहिलं तर फेन्ना पांढरीफटक होऊन खुर्चीवर बसली होती आणि मिन तिला पाणी पाजत होती. नगरपालिकेची बाई म्हणाली, साहेब, पुढचं जोडपं दारात उभं आहे.

गाडीत बसताना फेन्ना म्हणाली, तू लिहून दिलं होतंस, बाबा.

१५ एप्रिल

छपराला थोर माणसं लाभली, म्हणजे छप्परच थोर असणार. हे टोनला सुचलं नाही.

फेन्ना फोन उचलत नाही.

३ मे

यादी सुंदर अक्षरांत लिहून घेतली, चौकटीत बसवली आणि बाळाच्या खोलीसाठी पाठवली. नावाविषयी एक शब्द लिहिला नाही. वर नुसतं मोठ्या अक्षरांत हार्गेलिंक.

६ मे

योस्त सकाळी अकराला आला. चौकट मागच्या दारात ठेवली. कॉफी नको म्हणाला. अकरा वाजता, ऐन कॉफीच्या वेळी! म्हणाला, एग्बर्ट, तिचं प्रेशर खाली येत नाहीये. थोडे दिवस तुम्ही येऊ नका. मी हे रागाने सांगत नाही.

रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

७ मे

संध्याकाळी भांडी पुसताना मिन म्हणाली, तुला नातू हवाय की पाटी? काय प्रश्न आहे! रात्रभर उत्तर जुळवत होतो, ते काही जुळलं नाही.

२७ मे

फेन्नाला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. पाय सुजलेत, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मिन तडक गेली. येऊ नको म्हणाली होती, तरी मीही मागोमाग गेलो. बाप आहे मी.

खोलीत पाऊल टाकलं आणि मशीन वाजायला लागलं. फेन्नाच्या दंडाला पट्टा होता, आकडे वर चढत होते. नर्सने मला हात धरून बाहेर आणलं. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. ती भली बाई, म्हणाली, बघू या. दहा मिनिटांनी मला पुन्हा दारात उभं केलं. मी तोंडातून अक्षर काढलं नाही, नुसता उभा होतो. मशीन पुन्हा वाजलं.

नर्स म्हणाली, साहेब, तुम्ही पॅसेजमध्ये बसा.

२८ मे

पॅसेजमध्ये आहे. मिन आत जाते, बाहेर येते, मान हलवते. डॉक्टर म्हणतात, आणखी एक दिवस थांबून बघू, नाहीतर बाळ काढावं लागेल. आई-बाळापैकी कोणालाही काहीही होऊ शकतं हे ते म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

भीती वाटते. इथे दुसरं काही लिहिण्यात अर्थ नाही.

दुपारी योस्त बाहेर आला. केस विस्कटलेले, शर्टाचं बटण भलत्याच काजात. माझ्या शेजारी बसला. म्हणाला, एग्बर्ट, तिला काही झालं तर मी काय करू? मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता. ठेवणारच होतो. आणि माझ्या तोंडून निघालं, आडनावाचा फॉर्म भरलात का?

तो उठून आत गेला. दार हळूच लावून घेतलं त्याने.

मला काय झालंय?

२९ मे

घरी. मिनने घालवलं. ती म्हणाली, कालचं योस्तने फेन्नाला सांगितलं नाहीये, मला सांगितलं. तू घरी जा.

चौकट फोडून टाकावी म्हणून गराजमध्ये गेलो. फोडली नाही, भिंतीकडे तोंड करून ठेवली. फोन खिशात आहे. दर पाच मिनिटांनी काढून बघतो.

३० मे, दुपारी

मुलगी! दोन किलोच्या आसपास. दोघी सुखरूप. मिनचा फोन आला तेव्हा मी शेजारी हेंद्रिकाच्या कुंपणापाशी उभा होतो आणि तिच्यासमोर ओक्साबोक्शी रडलो. हेंद्रिका म्हणाली, रड बाबा, बिअर आणते.

नाव इदा. पुढचं विचारलं नाही. खरंच विचारलं नाही.

२ जून, सोमवार

फेन्नाने बोलावलं. स्वतःहून. मिनला घेऊन गेलो.

योस्तने टोस्टवर लोणी लावून मुलगी झाली की वाटतात ती गुलाबी बडीशेप घातली आणि माझ्या हातात दिली. पॅसेजमधल्या गोष्टीबद्दल काही बोलला नाही. मी म्हटलं, योस्त, त्या दिवशी मी... तो म्हणाला, खा, एग्बर्ट. इदाला मांडीवर दिलं. इतकं हलकं काही मी आजवर धरलेलं नाही. मान सांभाळ, मान सांभाळ, असं तिघंही ओरडत होते.

मग फेन्नाने सांगितलं. आवाज शांत होता, तेच जास्त लागलं. म्हणाली, बाबा, योस्त सकाळी नगरपालिकेत जाऊन नोंद करून आला. इदा यान्सेन. मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, ऐक पुढे. डिसेंबरमध्येच आमचं ठरलं होतं की नाव निवडायचंच नाही. लग्न झालेलं नसलं आणि काही निवडलं नाही, तर बाळाला आपोआप आईचं नाव लागतं. हार्गेलिंक लागलं असतं. तुला जन्माच्या दिवशी कळणार होतं. योस्तचीच कल्पना होती ती.

मी विचारलं, मग?

म्हणाली, मग तू आमचं लग्न लावलंस. लग्न झालं की न निवडता आपोआप बापाचं लागतं.

इदा झोपली होती. मी विचारलं, पण निवडता आलं असतं ना? आज सकाळपर्यंत? योस्त खिडकीकडे गेला. फेन्ना म्हणाली, आलं असतं. तो निघताना म्हणाला होता, लिहून येऊ का हार्गेलिंक, तुझ्या बाबांसाठी? मीच नको म्हटलं.

टोस्ट संपवला. बडीशेप खाली सांडली होती ती वेचली.

संध्याकाळी मिनने, इथे घरोघरी असतं तशा, संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर तीस मेच्या रेघेवर इदा असं लिहिलं. मी म्हटलं, पुढे यान्सेन लिही, लिही, मला काही वाटणार नाही. ती म्हणाली, अरे, इथे आडनाव कोणाचं लिहिलंय? मी पानं उलटून पाहिली. खरंच कोणाचं नाही. नोव्हेंबरात मीही नुसता एग्बर्ट आहे.